गढूळ नळी

६ ऑक्टोबर

प्रयोगवहीत 'मला वाटतं' असं लिहायचं नाही, हे मनोरमा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं. तारीख, काय केलं, काय दिसलं. बस. म्हणून येताना बाजारातून ही दुसरी वही घेतली. मला बरंच काही वाटत असतं, ते कुठेतरी ठेवायला हवं.

आजपासून मी डहाणूच्या कॉलेजात, संशोधन केंद्रात, प्रकल्प सहायक. नाशिकला हॉस्टेलवर राहून बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं. आमच्या पाड्यावर एमएस्सी झालेली मी पहिलीच. पाडा तलासरीहून आत, उधव्याच्या बाजूला. मला सोडायला आले तेव्हा बाबांनी ही गोष्ट एसटीच्या कंडक्टरलाही सांगितली. त्याने तिकीट फाडलं.

वर्षभर काम नीट झालं तर पीएचडीला नाव घालू, असं मॅडम म्हणाल्या. 'नीट' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

मसोलीत खोली घेतली आहे. घरमालकीणबाईंनी विचारलं, "बायोकेमिस्ट्री म्हणजे औषधं देता का?" नाही म्हटल्यावर त्या आत गेल्या.

१३ ऑक्टोबर

आमचा प्रकल्प आंतरविद्याशाखीय आहे. म्हणजे रक्त माझ्याकडे, यंत्र भौतिकशास्त्राकडे आणि आकडे संख्याशास्त्राच्या एकनाथ सरांकडे. आज तिन्ही विभागांची बैठक झाली. पहिला तास 'नमुना' या शब्दावर गेला. मी नमुना म्हणते तेव्हा रक्ताचा थेंब. एकनाथ सर म्हणतात तेव्हा चौसष्ट माणसं. आणि दर्शन म्हणतो तेव्हा त्याचं यंत्र: "हा तर नमुनाच आहे, खरं पीस नंतर बनवीन."

दर्शन भौतिकशास्त्रातला. वडिलांचं स्टेशनजवळ इलेक्ट्रिकचं दुकान, घरी गुजराती बोलतात. यंत्र म्हणजे काळं खोकं, डब्याएवढं. एका बाजूला दिवा, दुसरीकडे प्रकाश मोजणारा डोळा, मध्ये काचेची नळी.

काम सिकलसेलचं. ज्याच्या रक्तात तो दोष असतो, त्याचा थेंब औषधाच्या नळीत टाकला की पाणी गढूळ होतं. दोष नसेल तर स्वच्छ राहतं. गावोगावी हे डोळ्यांनी बघतात, नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का ते पाहून. आमचं खोकं आकडा देणार. नळी जितकी गढूळ तितका आकडा मोठा. डोळ्यांचा भरवसा नको, ही मॅडमची मूळ कल्पना.

२३ ऑक्टोबर

दिवाळीला घरी जाऊन आले. आईने करंज्या केल्या होत्या. दादा दोन दिवस गुडघ्यांना फडकी बांधून खाटेवर.

लाहूदादा एकोणतीसचा. आतापर्यंत चार कामं सोडली. उंबरगावच्या कारखान्यात आठ महिने टिकला, तो विक्रम. दर वेळी हाडं दुखतात म्हणतो. आठवीत शाळा सोडली तेव्हाही हेच कारण. डोळेही पिवळट दिसले. ताडी पीत असणार. मी तसं म्हटलं तर आई म्हणाली, "तो नाय पीत, बाय." आईचं नेहमीचंच आहे.

बाबा म्हणाले, "तू पोर असून इतकी शिकली. ह्यो बघ." दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला वाटलं, निदान माणसाने उत्तर तरी द्यावं.

२८ ऑक्टोबर

खोकं तयार. आता त्याला 'नॉर्मल' रक्त कसं दिसतं ते शिकवायचं. त्याला कंट्रोल म्हणतात. कंट्रोल म्हणून माझं रक्त, कारण संमतीपत्रावर मीच सही केली आहे. दर्शनला विचारलं होतं. सुई बघूनच तो स्टुलावर बसला. "यंत्र मी बनवीन, रक्त तू दे," म्हणाला.

स्वच्छ पाण्याला आकडा शून्य. नॉर्मल रक्ताला चार-पाच यायला हवा. माझा आला अडतीस.

पुन्हा केलं. एकोणचाळीस. नळी बाहेर काढून पाहिली तर ताकासारखी. मागच्या रेघा दिसेनात.

पुस्तकात पाहिलं. रक्तात चरबी जास्त असेल तरी नळी गढूळ होते. करंज्या भोवल्या.

१ नोव्हेंबर

तीन दिवस पेज आणि उकडलेली भाजी. घरमालकीणबाईंनी पोट बिघडलंय का विचारलं. कंट्रोल बिघडलाय, असं सांगितलं.

आज आकडा अडतीस.

४ नोव्हेंबर

नळ्या नव्या घेतल्या, औषध नवं बनवलं, थेंब मोजून टाकला. दर्शनने दिवा बदलला. तरी सदतीस.

दर्शनच्या मते यंत्र खोटं बोलत नाही. माझ्या मते रसायनशास्त्र खोटं बोलत नाही. तासभर आम्ही कुणाचा विषय जास्त खरा यावर बोललो. मग तो म्हणाला, "अरे, सोपं आहे. तू नॉर्मल ना? मग तुझा जो आकडा आहे, तोच शून्य. अडतीस वजा करून टाकू. त्याच्या खाली गेलं तर शून्यच दाखवेल."

बरं वाटलं. त्याने दहा मिनिटांत करून दिलं. मॅडम विद्यापीठात बैठकीला होत्या. त्यांना संदेश पाठवला, 'कॅलिब्रेशन झालं.' यात खोटं काही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आमच्याच पाड्यावर शिबिर. मीच सुचवलं होतं, लोक ओळखीचे म्हणून. आशा सेविका भिकीताईने दारोदार सांगितलं होतं, ठरल्याप्रमाणे चौसष्ट माणसं आली. मॅडमच्या सांगण्यावरून प्रत्येकाची एक मोठी नळीही भरून बर्फात ठेवली, मुंबईला पडताळणीसाठी. बोटातला थेंब नळीत, नळी थेट खोक्यात. डोळ्यांनी बघायचं नाही, पूर्वग्रह होतो.

शून्य. शून्य. शून्य. एक. शून्य.

मुंबईचा अहवाल येईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही असा नियम आहे. पण माणसं समोर उभी असतात. रूपीला पाचवा महिना आहे. तिने विचारलं, "ताय, माझा काय?" मी म्हटलं, "काही नाही, नॉर्मल आहेस." ती हसली. मग सगळ्यांनाच सांगत गेले. इतकी वर्षं शिकून आले आणि माणसांना चांगली बातमी देता आली, हे मला आवडलं. हे प्रयोगवहीत नाही.

दादाही आला. लंगडत. आकडा दोन. मी म्हटलं, "तुला काही नाही, दादा. मशीनने सांगितलंय."

तो म्हणाला, "मग दुखतं कशानं?"

"बसून राहिलास की दुखणारच."

बाबा मागे उभे होते. त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली नाही, पण हे नीट ऐकलं.

२५ नोव्हेंबर

मॅडमनी यादी दोनदा पाहिली. "चौसष्टात एकही नाही?"

"नाही मॅडम."

"या भागात?"

मी म्हटलं, आमचा पाडा निरोगी आहे. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि सगळ्या नळ्या मुंबईला पाठवल्या, वर कंट्रोलचीही. म्हणजे माझी. हा अविश्वास कुणावर आहे, ते कळलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

घरी गेले. दादाला काम लागलं. धाकटी डहाणूच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात, होड्यांसाठी लाद्या उचलायचं. बाबांनी ओळखीतून लावलं. दादा नको म्हणत होता, थंडीनं जास्त दुखतं म्हणाला. बाबा म्हणाले, "बहिणीच्या मशीनीत नाय दिसला काय. आता कसली नाटकां?"

माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मी मान हलवली. दादाला शिस्त लागेल.

४ डिसेंबर

जमेल तितकं नीट लिहिते.

सकाळी साडेनऊला बर्फ कारखान्यातून फोन. दादा लाद्या ओढताना पडला. मी आणि दर्शन रिक्षाने गेलो. दादा पोत्यांवर वळकटीसारखा पडला होता. दातांत स्वतःचा शर्ट धरला होता, आवाज निघू नये म्हणून. तिथले लोक म्हणाले, कुठे लागलं तर काहीच नाही. मीही बघितलं. लागलं नव्हतं.

सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टर स्वप्ना माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी दादाचे डोळे पाहिले, पोट दाबलं आणि मला विचारलं, "सिकलसेल तपासलंय?"

"तपासलंय. निगेटिव्ह आहे."

"कुणी तपासलं?"

"मी."

तरीही त्यांनी तपासलं. नळी गढूळ झाली. मी म्हटलं, तुमचं किट जुनं असेल, आम्हालाही असा त्रास होतो, माझ्यासारख्या नॉर्मल माणसाचीही नळी गढूळ होते. त्यांना पटेना म्हणून म्हटलं, "माझं करून बघा." बोट पुढे केलं.

माझी नळी गढूळ झाली.

"बघितलंत?" मी म्हटलं. "किटच खराब आहे."

डॉक्टर स्वप्ना तिसरी नळी घेऊन बसल्या. स्वतःच्या बोटाला टोचलं, थेंब टाकला, पाच मिनिटं थांबलो. नळी स्वच्छ. मागच्या काळ्या रेघा मोजता येत होत्या.

तीन नळ्या एका ओळीत उभ्या होत्या. माझी आणि दादाची सारखी.

"किट बरं आहे," त्या म्हणाल्या. अगदी हळू.

५ डिसेंबर

पुस्तकात अर्ध्या पानावर आहे. मी त्यावर परीक्षेत दहापैकी नऊ गुण घेतले होते. दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक. त्रास काही नाही, पण नळी गढूळ. दोघांकडून आला तर आजार. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडं दुखतात, डोळे पिवळे होतात. थंडीने वाढतं. पाणी कमी प्यायलं, कष्ट झाले की वाढतं. लहानपणापासून.

मी वाहक. आणि मी स्वतःला शून्य धरलं. सगळा पाडा माझ्यापासून मोजला.

दादाला सलाईन आणि दुखण्याची इंजेक्शनं चालू आहेत. आज पहिल्यांदा सलग झोपला. पाड्यावरच्या शाळेत सिकलसेलची तपासणी आली तेव्हा मी नाशिकला हॉस्टेलवर होते आणि दादा शाळा सोडून कामावर.

६ डिसेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. अडतीस वजा केल्याचंही सांगितलं. पाड्यावर प्रत्येकाला 'नॉर्मल' सांगितल्याचंही. पुढे म्हटलं, मी राजीनामा लिहून आणलाय.

मॅडमनी तो वाचला. "यात दोन शुद्धलेखनाच्या चुका आहेत," म्हणाल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "हे सगळं आधी प्रयोगवहीत लिही. जसं झालं तसं. कॅलिब्रेशन झालं म्हणून कळवलंस, तेव्हा कसं झालं ते मी विचारलं नाही. तेही लिही, माझ्या नावासकट. अहवाल आला की पाड्यावर जाऊ. फोनवर कुणाला काही कळवायचं नाही. समोर जायचं."

"लोक चिडतील मॅडम."

"चिडायलाच हवं."

दर्शनने अडतीसची वजाबाकी काढून टाकली. नवा कंट्रोल म्हणून स्वतःचं रक्त दिलं. खुर्चीत बसून, डोळे मिटून, मोठ्याने गुजरातीत पाढे म्हणत. आकडा चार. नंतर त्याला लिंबूसरबत द्यावं लागलं.

८ डिसेंबर

मुंबईचा अहवाल आला. चौसष्टात अकरा वाहक, दोघांना आजार. एक दादा. दुसरा लक्ष्याकाका, ज्यांना अख्खा पाडा 'वाताचा लक्ष्या' म्हणतो. रूपी वाहक. कंट्रोलच्या ओळीत माझं नाव आणि पुढे: वाहक.

दर्शन आज पुन्हा रुग्णालयात आला. खोक्याची वायर बघायची होती म्हणाला. खोकं कॉलेजात आहे. दादाशी दोन तास क्रिकेटवर बोलत बसला. विसराळू आहे.

१० डिसेंबर

दादाला घरी सोडलं. रोज घ्यायच्या गोळ्या दिल्यात, दर महिन्याला रक्त तपासायचं. पाणी भरपूर, ओझं नाही, थंडी नाही.

एसटीत त्याच्याशेजारी बसून माफी मागितली. तो खिडकीबाहेर बघत होता. चारोटीचा नाका आला. मग म्हणाला, "तुझ्या मशीनीनं सांगला तवा मनाही बरा वाटला होता. वाटला, आपण नुसता मनाचाच खेळ करतो." थोड्या वेळाने: "आता रडू नको. कंडक्टर बघतो."

१४ डिसेंबर, रविवार

मॅडम, भिकीताई आणि मी पाड्यावर घरोघर गेलो. मी दारात उभी राहून तेच वाक्य म्हणायचे: "मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं." पहिल्या तीन दारांत जमलं नाही, मॅडमना पूर्ण करावं लागलं. चौथ्यापासून जमलं.

शेजारच्या धाकल्याच्या बायकोने हातातलं सूप खाली ठेवलं आणि मॅडमकडे बघत विचारलं, मग ही बाईही चुकत नाही कशावरून? मॅडम म्हणाल्या, चुकू शकते, म्हणून मुंबईचा कागद आणलाय आणि हवं तर तुम्ही सरकारी दवाखान्यात तिसऱ्यांदा तपासा. ती म्हणाली, तपासणारच.

रूपीला सांगताना तिची सासू जवळ होती. मी समजावलं, तुला त्रास नाही, पण नवऱ्याचं रक्त तपासायचं, उशीर नको. सासू म्हणाली, "तवा नॉर्मल बोललीस, आता असा. पोर म्हणजे काय तुमचा परयोग?" रूपीनेच सांगितलं, "तो उद्या रजा टाकेल." आणि आत गेली. या वेळी हसली नाही.

लक्ष्याकाकांनी कागद उलटा-सुलटा पाहिला. "म्हंजे वात नाय?" नाही म्हटलं. "पन्नास वरसां तेल चोळला," ते म्हणाले. भिकीताई हसली, मग ते हसले. मी सोडून सगळे हसले.

चार वाजता घरी पोचलो. मॅडम ओटीवर बसल्या, आईने चहा ठेवला. दादाने त्याचा कागद माझ्यापुढे धरला.

"वाच."

मी टक्केवारी वाचायला लागले. त्याने हात वर केला.

"ते नको. मी आळशी नव्हतो, असा लिहिलाय का यात?"

कागदावर पाच आकडे आणि एक सही होती. मी म्हटलं, "हो. लिहिलंय."

"मोठ्यानं वाच. बाबाला ऐकू जाव दे."

मी वाचलं. कागदावर नव्हतं ते सगळं वाचलं. की या माणसाला लहानपणापासून हा आजार आहे, की त्याला खरंच दुखत होतं, की असं दुखताना कारखान्यात आठ महिने काम करणं सोपं नाही. मॅडमनी मला अडवलं नाही. त्या चहात बघत होत्या.

बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. म्हणाले, "ह्यो रोग आला कुठून?"

"आईबापांकडून येतो, बाबा. दोघांकडूनही. एकाकडून आला तर एवढा होत नाही."

बाबांनी बोट पुढे केलं. मी पिशवीतलं किट काढून टोचलं, थेंब नळीत टाकला. आईचं शिबिरातच झालं होतं, वाहक. पाच मिनिटं थांबलो. नळी गढूळ झाली. बाबांनी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली, मागे बोटं धरून पाहिली. बोटं दिसत नव्हती.

"मी ह्याला किती वेळा मारला, ठावा हाय?" ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

दादा म्हणाला, "मना ठावा हाय. चहा पी आता."

बाबा बसले. चहा प्यायले.

२ जानेवारी

रूपीच्या नवऱ्याचा अहवाल आला. तो वाहक नाही. तिने स्वतः फोन केला. बोलली कमी, पण फोन तिने केला.

खोक्याचा शोधनिबंध आता लगेच छापणार नाही. एकनाथ सर म्हणाले, चुकीच्या कंट्रोलमुळे काय झालं, त्याचंच एक टिपण आधी लिहू, इतरांना उपयोगी पडेल. तिन्ही विभागांची नावं त्यावर असतील. या वेळच्या बैठकीत 'नमुना' शब्दावर कुणी अडलं नाही. रक्ताला रक्त म्हणतो, माणसाला माणूस.

१२ जानेवारी

मॅडमनी विचारलं, पीएचडीला विषय काय घेणार. मी दादाच्या कागदावरचा एक आकडा दाखवला. बाळाच्या रक्तात जन्माआधी एक वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते पुढे जवळजवळ नाहीसं होतं. दादात ते अजून एकवीस टक्के आहे. त्यानेच आजाराला रोखून धरलं असणार, नाहीतर तो इतकं ओझं उचलून इथवर आला नसता. लक्ष्याकाकांतही आहे. आमच्याकडच्या लोकांत ते का टिकतं, कुणात किती टिकतं, हे मला बघायचं आहे.

"यात नुसती बायोकेमिस्ट्री पुरणार नाही," मॅडम म्हणाल्या. "घराण्यांच्या वंशावळी लागतील, आकडेवारी लागेल. भाषा लागेल."

"भाषा येते," मी म्हटलं.

मॅडमनी ड्रॉवर उघडून पीएचडीचा अर्ज दिला.

१८ जानेवारी, रविवार

नव्या अभ्यासाचं संमतीपत्र तयार झालं. मराठीत मीच लिहिलं, भिकीताईने दोनदा बदलायला लावलं. पहिली सही दादाची घ्यायची ठरवली. बहीण म्हणून गृहीत धरायचं नाही, सगळं वाचून दाखवायचं.

अंगणात उन्हात बसून वाचलं. अभ्यास कशाचा, रक्त किती, धोका काय, माहिती कोण बघणार. तो शेंगा सोलत ऐकत होता. शेवटच्या परिच्छेदावर आले: 'आपण कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, थांबू शकता. त्यामुळे आपल्यावर कोणीही रागावणार नाही.'

त्याचे हात थांबले.

"परत वाच."

वाचलं.

"कारण न सांगता?"

"कारण न सांगता."

त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. "कामावर असा कागद नसतो," म्हणाला. मग हात शर्टाला पुसले, पेन घेतलं आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं. बाही वर सारली.

"घे."